आमची बचावफळी

रिसोडच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पाऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "घरी काही टेन्शन?"

"नाही."

"मीठ जास्त होतं का जेवणात?"

"मुळीच नाही."

"मग हे एकशेसत्तर आलं कुठून?"

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "काल शेवटच्या पाच मिनिटांत आपण एका गोलने पुढे होतो."

डॉक्टर क्रिकेटवाले. त्यांना यातले काही कळले नाही. क्रिकेट बघणाऱ्या माणसाचे बरे असते. मधे जेवून, वामकुक्षी करून, म्हशीला पाणी दाखवून आले तरी सामना होता तिथेच असतो. हॉकीत नाक शिंकरायला मान वळवली की तेवढ्यात गोल झालेला असतो. आणि माझा पन्नास वर्षांचा अनुभव असा, की तो आपल्यावरच झालेला असतो.

केनवड हे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. इथे सोयाबीन होते, तूर होते. हॉकी होत नाही. पोरे क्रिकेट खेळतात, मोठी माणसे राजकारण खेळतात, उरलेली पत्ते खेळतात. अशा गावात मी हॉकीचे वेड जपून आहे. एखाद्याच्या घराण्यात दमा असतो ना, तसे. लोक चौकशीही त्याच सुरात करतात, "काय मास्तर, यंदा कसं काय आहे?" मी म्हणतो, "मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे, पण रात्री त्रास होतो." सामने परदेशात असले की रात्रीच असतात.

हा रोग मला १५ मार्च १९७५ रोजी जडला. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, भारत आणि पाकिस्तान. एस.टी. थांब्याजवळच्या हॉटेलात एक ट्रान्झिस्टर, त्याच्याभोवती वीस-पंचवीस माणसे आणि त्या खोक्यातून येणारा जसदेव सिंगांचा आवाज. मध्यंतराला आपण एका गोलने मागे. मालकाने चहाचे आधण उतरवून ठेवले होते. हरलेली माणसे चहा पीत नाहीत, हा धंद्याचा अनुभव. मग सुरजितसिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. मग अशोककुमारचा फटका खांबाला आतून लागला आणि बाहेर आला. तो गोल झाला की नाही यावर पाकिस्तानचे खेळाडू तिकडे पंचांशी हुज्जत घालीत होते; आमच्या हॉटेलात मात्र कुणालाही शंका नव्हती. दोन-एक. मालकाने सगळ्यांना फुकट चहा पाजला. जिंकलो की पुन्हा पाजीन, असे शब्दही दिले. पुढच्या पन्नास वर्षांत भारताने एकदाही विश्वचषक न जिंकल्यामुळे त्याचा शब्द खाली पडला नाही.

माझी तक्रार एकच आहे आणि ती मी सुरुवातीपासून करीत आलो आहे. चेंडू आपल्या स्टिकला असला की आपण जगात पहिले. चेंडू दुसऱ्याकडे गेला की आपण पाहुणे. पुढे जाताना सगळा संघ वरातीसारखा नाचत जातो. परत यायची वेळ झाली की वऱ्हाडातली माणसे कशी पांगतात, कुणी पान खायला, कुणी ओळखीच्याकडे, तशी पांगापांग होते. आणि एका गोलची आघाडी मिळाली की मग तर विचारूच नका. पुढच्या दाराला कडी, अडसर, वर कुलूप. आणि परसदार उघडे!

उगीच बोलत नाही. सन २००० चे सिडनी ऑलिंपिक घ्या. पोलंडला हरवले की उपांत्य फेरी. एक गोलने पुढे. शेवटची दोन मिनिटेही उरलेली नव्हती, आणि पोलंडने बरोबरी केली. आमच्या ह्या म्हणाल्या, "एवढं काय झालं, हरलो तर नाही ना?" मी त्या रात्री जेवलो नाही. २०१६ ला रिओमध्ये जर्मनीने आपल्यावर गोल केला तेव्हा सामना संपायला अवघे तीन सेकंद होते. तीन सेकंद! आमच्या घरी दूध उतू जायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो.

अशा वेळी राग काढायचा कुणावर? खेळाडू पोरे असतात, त्यांच्याकडे पाहून पोटात कालवते. म्हणून राग काढायचा प्रशिक्षकावर. हा राग केवळ मलाच येतो असे नाही, तो दिल्लीतही येतो. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकच्या तोंडावर जर्मनीचे गेरहार्ड राख आणले. पुढे स्पेनचे होझे ब्रासा आले, ऑस्ट्रेलियाचे मायकेल नॉब्ज आणि टेरी वॉल्श आले, हॉलंडचे तर तीन आले. २०१८ मध्ये मुलींचे प्रशिक्षक मुलांकडे आणि मुलांचे मुलींकडे अशीही अदलाबदल झाली. आमच्या शाळेत मी भूगोलाचे तास बदलीवर घेत असे, पण युरोपचा नकाशा पाठ झाला तो हॉकीमुळे. आमच्याकडे शेतकरी बैलजोडीसुद्धा इतक्या वेळा बदलीत नाही. नवी जोडी निदान एक हंगाम तरी ठेवतो.

मग २०२३ साली दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फुल्टन आले. त्यांचे सूत्र असे, की आधी बचाव भक्कम करा आणि त्या बचावातून सामना जिंका. ते वाचून मी पेपर आपटला. "हा माणूस आल्या आल्या मागे सरकायला सांगतो! ध्यानचंदांच्या देशात!"

हे मी बोललो ते गावातल्या खत-बियाण्याच्या दुकानात, आणि काउंटरपलीकडून आवाज आला, "सर, चाळीस वर्षं तुमी म्हनत होते का आपल्याकडं बचाव नाही. आता बचाव आनला, तर म्हनता बचावच काहून आहे. माणसानं खेळावं तरी कसं?"

हा दुकानदार म्हणजे गावातला माझा एकुलता एक हॉकी-सोबती. त्याला सगळे गाव नेगीभाऊ म्हणते. दुकानाच्या पाटीवर त्याचे खरे नाव आहे, पण ते फक्त खताच्या कंपन्यांना आणि मतदारयादीला माहीत. एकदा एक नवा एजंट आला. हाक ऐकून त्याला वाटले, हा गृहस्थ गढवालचा. त्याने बिचाऱ्याने अर्धा तास शुद्ध हिंदीत सोयाबीनचे नवे वाण समजावून सांगितले. नेगीभाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "उधारीवर देता काय?"

हे नाव त्याला मी दिले. कसे दिले ते सांगायचे म्हणजे मला १९८२ सालात जावे लागेल, आणि खरे सांगतो, तिकडे जायला माझे पाय जड होतात.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीतले एशियाड, अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. शहरांतून रंगीत टीव्ही आले होते; आमच्याकडे तोच ट्रान्झिस्टर, तेच हॉटेल. पहिला गोल आपलाच झाला. मालकाने आधण चढवले. त्यानंतर पाकिस्तानने सात केले. सात! आधण आटून भांडे करपले तरी कुणी उठले नाही. आपल्या गोलमध्ये मीररंजन नेगी होते. त्या रात्री आमच्या हॉटेलात त्यांच्याबद्दल जे बोलले गेले ते देशभर बोलले गेले. माणूस विकला गेला, इथपर्यंत मजल गेली. मीही बोललो. किंबहुना सर्वांत मोठ्याने मीच बोललो. मास्तर असल्यामुळे माझा आवाज तयार होता. त्याच एशियाडमध्ये आपल्या मुलींनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते आणि त्यांची कर्णधार एलायझा नेल्सन आपल्या पुण्याची होती. पण ते आम्हाला कुणाला त्या रात्री आठवले नाही. जिंकलेल्यांकडे पाहायला आमच्यापाशी वेळ कुठला?

आता गंमत अशी, की त्याच सुमारास मी स्वतः प्रशिक्षक झालो होतो. मी गणिताचा मास्तर. पण मास्तर हॉकीची कॉमेंट्री ऐकतात, एवढ्या भांडवलावर शाळेच्या हॉकी संघाची जबाबदारी माझ्याकडे आली. संघ कसला! विकतच्या स्टिका दोन. बाकीच्या बाभळीच्या वाकड्या फांद्या, पोरांनी शेकून, तासून केलेल्या. मैदान काळ्या मातीचे. चेंडू भेगेत गेला की खेळ थांबवून काडीने उकरून काढायचा. त्याच्या कितीतरी आधी, १९७६ मध्ये, मॉन्ट्रियल ऑलिंपिकला हॉकी कृत्रिम गवतावर गेली होती. आम्ही अजून नैसर्गिक गवताची वाट पाहत होतो. गोलकीपर म्हणून नववीतला एक चपळ, अबोल पोरगा निवडला. त्याच्या एका पायाला क्रिकेटचे जुने पॅड आणि दुसऱ्या पायाला पोत्याची घडी सुतळीने आवळलेली.

जानेवारी १९८३ मध्ये तालुक्याच्या गावी सामना ठरला. आदल्या दिवशी मी फळ्यावर खडूने डाव मांडला. दिल्लीतल्या पराभवावर मी महिनाभर चिंतन केले होते आणि माझा निष्कर्ष असा होता, की आपण घाबरून खेळलो. म्हणून मी हुकूम काढला, "मागे कुणी राहायचं नाही. दोन्ही बॅक पुढे!" एका पोराने हात वर करून विचारले, "सर, मग मागं कोन?" मी म्हणालो, "गोलकीपर आहे ना!" गणिताच्या मास्तराने अकरातून दहा वजा केले आणि बाकी एक उरली, ती त्या पोराच्या अंगावर टाकली.

सहा-शून्य. सहाही वेळा मी डोळ्यांनी पाहिले: तिकडचे तीन-तीन फॉरवर्ड मोकळे सुटलेले आणि पुढ्यात एक पोत्याचा पाय असलेला पोरगा. त्याने आणखी आठ-दहा तरी अडवले असतील. ते मी मोजले नाहीत. परतीच्या एस.टी.त सगळे गप्प होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवे होते, आणि प्रशिक्षकाने बोलावे ही रीतच आहे. मी त्या पोराकडे पाहिले आणि म्हणालो, "काय रे, तू तर आमचा नेगी निघालास!"

सगळी बस हसली. कंडक्टरसुद्धा. पोरगा हसला नाही. मांडीवर पोत्याची घडी घेऊन खिडकीबाहेर पाहत राहिला. गावात उतरेपर्यंत त्याचे नाव पडलेले होते. त्यानंतर तो कधी गोलमध्ये उभा राहिला नाही.

गावातली नावे सहज पडतात आणि मग सरणापर्यंत सोबत येतात. त्याच्या लग्नात वरातीत "नेगी, नेगी" म्हणून पोरे नाचली. त्याला मुलगा झाला तेव्हा "नेगीला पोरगा झाला" म्हणून पेढे वाटले. तो हसून घेई. मीही हसत असे. पण आपण केलेल्या विनोदावर दहा-वीस वर्षे लोक हसतात तेव्हा तो विनोद हळूहळू अंगावर यायला लागतो.

पुढे दिल्लीच्या त्या सामन्याबद्दल मी जसजसे वाचत गेलो तसतसा जास्तच अस्वस्थ झालो. पाकिस्तानचे फॉरवर्ड पुन्हा पुन्हा मोकळे सुटत होते, आपली मधली फळी जागेवर नव्हती आणि गोलकीपर एकटा पडत होता. अहो, चेंडू काही आकाशातून गोलमध्ये पडत नाही. दहा जणांना ओलांडून तो अकराव्याकडे येतो. पण धावफलकावर दहा जणांचे काहीच लिहिलेले नसते, आणि लोकांना फक्त शेवटचा माणूस दिसतो. हेच नेगी पुढे १९९८ मध्ये गोलकीपरांचे प्रशिक्षक म्हणून परत आले. बँकॉकच्या एशियाडमध्ये आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेच्या संघाने सुवर्ण जिंकले तेव्हा ते संघाबरोबर होते. २००२ ला मँचेस्टरला मुलींनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, तेव्हाही होते.

मग २००७ मध्ये 'चक दे इंडिया' आला. त्यातल्या प्रशिक्षकाची गोष्ट पाहून सगळ्यांना नेगी आठवले; सिनेमातल्या मुलींना हॉकीही त्यांनीच शिकवली होती. गावातल्या पोरांनी तो पाहिला आणि आमच्या दुकानदाराचा भाव एकदम वधारला. "नेगीभाऊ, तुमच्यावर पिक्चर निघाला!" एके दिवशी तोच मला म्हणाला, "सर, तुमी नाव ठेवलं, पन नाव चांगलंच निघालं." तो खरेच आनंदाने म्हणाला. मला मात्र त्यापेक्षा त्याने खताचे पोते डोक्यात घातले असते तरी चालले असते.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारले, "तुम्ही त्या पोराची कधी माफी मागितली का हो?"

आता पहा, भारतीय संघाचा बचाव कसाही असो, माझा बचाव जगात कुठे तुटायचा नाही. मी ताबडतोब चार बॅक उभे केले. एक: मी थट्टेने बोललो. दोन: तेव्हा सगळेच असे बोलायचे. तीन: तो विसरूनही गेला असेल. चार: इतक्या वर्षांनी विषय काढला तर त्यालाच वाईट वाटेल. ह्या पदराला हात पुशीत म्हणाल्या, "एवढे जण मागे आहेत, म्हणजे पुढे जायचं कुणाच्या मनात नाही," आणि आत गेल्या. मी त्यांना कधीही हॉकी शिकवलेली नाही.

तर, ४ ऑगस्ट २०२४. रविवार, दुपारचा दीड. पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रेट ब्रिटन. टीव्ही लावला आणि लाईन गेली. मी छत्री घेऊन तडक नेगीभाऊंचे दुकान गाठले. त्याने मोबाइल युरियाच्या पोत्याला टेकवून उभा केला होता. बाहेर पावसाची रिपरिप, आत आम्ही दोघे.

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. म्हणजे माणूस बाहेर, बदली नाही. रोहिदास म्हणजे आपल्या बचावाचा खांब. पेनल्टी कॉर्नरला गोलमधून सुटून चेंडूच्या अंगावर धावून जाणारा. उरलेली त्रेचाळीस मिनिटे दहा जणांनी काढायची. तरी हरमनप्रीतने बाविसाव्या मिनिटाला गोल केला, आणि मध्यंतरापूर्वी ब्रिटनने तो फेडला. एक-एक.

त्यानंतर मी जे ओरडलो ते सांगण्यासारखे नाही. "मागे काय बसलेत सगळे! पुढे चला! त्या फुल्टनला कुणीतरी सांगा!" तेवढ्यात एक शेतकरी भिजत आत आला. "भाऊ, सोयाबीनवर उंटअळी आली, काय मारू?" मी त्याच्यावरच खेकसलो, "अळी येऊ दे! इथे ब्रिटन आलंय!" नेगीभाऊंनी मोबाइलवरची नजर न काढता बाटली दिली, किती पंपाला किती ते सांगितले, पैसे घेतले आणि मला म्हणाले, "सर, ओरडू नोका. पाहा."

मी पाहू लागलो. तो बोट ठेवून दाखवीत होता. "हा पाहा, हा सरकला म्हनून तो मोकळा नाही झाला. आता हा फॉरवर्ड पाहा, कुठून पळत आला मागं. दहाच्या दहा जन येऊन राह्यले. चेंडू श्रीजेशकडं जातो, पन एकटा नाही जात. कोनीतरी त्याले धक्का देऊन, तिरपा करून धाडते. तवा कुठं त्याले अडवता येते."

हे मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. मी नेहमी चेंडू पाहत आलो. तो माणसे पाहत होता.

जरा वेळाने, मोबाइलकडेच पाहत, तो म्हणाला, "सर, एक गोष्ट इचारू काय? राग नोका येऊ देऊ. त्या दिवशी माह्यासमोर कोनी होतं काय?"

माझे चारही बॅक जागच्या जागी उभे होते. थट्टा, जमाना, विस्मरण, त्याचे मन. एकालाही हलता येईना.

"कुणी नव्हतं," मी म्हणालो. "मीच सगळ्यांना पुढे धाडलं होतं. चूक माझी होती. आणि बसमध्ये बोललो ती त्याहून मोठी."

तो काही बोलला नाही. सामना संपला, एक-एकच राहिला. शूटआउट सुरू झाले. पावसाचा जोर वाढला म्हणून त्याने मोबाइलचा आवाज वाढवला. श्रीजेशने अडवले, राजकुमार पालने शेवटचा मारला, चार-दोन. आम्ही दोघांनी उडी मारली. मी कमी मारली, गुडघ्यामुळे. युरियाचे पोते कलंडले, मोबाइल खाली पडला.

मोबाइल उचलून पुसताना नेगीभाऊ म्हणाला, "एक्केचाळीस वर्षं लागले सर, तुमचा बॅक मागं यायले."

"उशीर झाला," मी म्हणालो.

"असू द्या. मॉस्कोनंतर टोकियोच्या पदकालेही एक्केचाळीसच लागले होते." आणि त्याने बाहेर डोकावून समोरच्या हॉटेलात ओरडून सांगितले, "दोन चहा धाडा! सरांच्या नावावर!"

पुढे उपांत्य सामन्यात जर्मनीने आपल्याला तीन-दोन हरवले. शेवटची सहा-सात मिनिटे उरलेली असताना गोल खाल्ला! मग स्पेनला दोन-एक हरवून कांस्यपदक मिळवले, आणि त्या सामन्याची शेवटची मिनिटेही मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टा बांधला, पाऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "एकशेपन्नास. बरंच उतरलं की! काय केलंत?"

"काही नाही डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "जुनं एक येणं होतं लोकांचं, ते देऊन टाकलं."

"मग उरलेलं पन्नास?"

"ते फुल्टनचं," मी म्हणालो. "शेवटच्या पाच मिनिटांत अजूनही परसदार उघडंच राहतं हो!"